लाईट येताना

घरातला टीव्ही, वायफायचा राउटर किंवा संगणक जळाला की हिंगोली जिल्ह्यात, आणि खरे तर सगळ्या मराठवाड्यात, खापर लाईट जाण्यावर फुटते. पण वीज गेल्याने इलेक्ट्रॉनिक वस्तू क्वचितच जळते. पुरवठा तुटला की ती बंद पडते, इतकेच. संगणकावर चालू असलेले काम जाते, उघडी असलेली एखादी फाईल बिघडते, हे नुकसान खरे आहे. मात्र टीव्हीच्या पाठीमागचे सर्किट फुटायला वीज असावी लागते, आणि ती नको तितकी असावी लागते. ती तशी असते ती लाईट परत येण्याच्या क्षणी, येण्याआधी दोन-तीनदा लुकलुकते तेव्हा, आणि लाईट आहे असे सगळ्यांना वाटत असताना तारेतला दाब भलताच झालेला असतो तेव्हा. इन्व्हर्टर घ्यायला गेलेले गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदा विचारते, ‘किती तास चालेल?’ अंधारात बसायचे नसेल तर प्रश्न रास्तच आहे. वस्तू वाचवायच्या असतील तर त्याआधी विचारायला हवे, की लाईट येते तेव्हा डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) आणि टीव्ही यांच्या मध्ये काय उभे असते? बॅटरीचे खरे मोल या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि बाजारात ती विकली जाते पहिल्या प्रश्नाच्या जोरावर.

हिंगोलीत हा प्रश्न जास्त टोचतो त्याचे कारण इथली शेती. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा विजेच्या हिशेबाने पाहिला तर विहिरी-बोअरच्या मोटारींचा जिल्हा आहे. वसमतकडची हळद आणि तिच्या सोबतीचा ऊस ही दोन्ही पिके अनेक महिने पाणी मागतात. सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांचे कालवे काही भागाला पुरतात, बाकीची तहान मोटारीच भागवतात. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीसाठी निघणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज वीज दिवसातून साधारण आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्री, अशी आळीपाळीने मिळते. रात्री दोनला लाईट येणार म्हणून शेतात जागत कोण बसणार? त्यामुळे स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला असतो, आणि लाईट येताच परिसरातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचल घेतात. पाच एचपीची मोटर चालू असताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते; सुरू होताना काही सेकंद तिला त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअर लागतात. अशा दहा मोटारी एकदम निघाल्या तर मागणी ४५० अँपिअरची, आणि १०० केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता एका फेजला जेमतेम १४० अँपिअर. दाब कोसळतो, मोटारी अडखळतात, फ्यूज जातो, पुन्हा बसवला जातो, पुन्हा तेच. महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढा आणि मोटारीला कपॅसिटर लावा असे वर्षानुवर्षे सांगत आली आहे, ते याच कारणाने.

यावर कोणी म्हणेल, की गावठाणाचे फीडर तर वेगळे झाले, मग मोटारींचा त्रास घरांना कसा? वेगळेपणाचा फायदा झाला हे मान्यच करायला हवे. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाचे तास मोजत काढलेली गावे आता सलग उजेडात असतात, त्यात या फीडर विलगीकरणाचा वाटा मोठा आहे. पण दोन्ही फीडर निघतात एकाच उपकेंद्रातून, बहुधा एकाच ट्रान्सफॉर्मरवरून. शेतीचा भार एकदम चढला किंवा एकदम उतरला की उपकेंद्रावरच दाब हलतो आणि त्याचा धक्का गावठाणालाही पोहोचतो. शिवाय या जिल्ह्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातच, राहणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यांच्या घराची तार शेतीच्याच डीपीवर असते. थ्री फेज नसतानाच्या तासांत, जिथे एकाच फेजवर पुरवठा चालू ठेवतात तिथे, कपॅसिटर लावून त्या एका फेजवरच मोटर ओढण्याची युक्ती जुनी आहे. तिच्यामुळे भार एका बाजूला झुकतो आणि परतीचा सगळा प्रवाह न्यूट्रलच्या तारेवर येतो.

या न्यूट्रलवर थोडे थांबले पाहिजे, कारण टीव्ही जळण्याच्या प्रकरणांत मोठा गुन्हेगार तोच असतो आणि त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणत्याही एका फेजमध्ये आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, घराला मिळतात ते हे. दोन फेजांमध्ये मात्र सुमारे ४०० ते ४१५ व्होल्ट असतात. न्यूट्रलचा जोड गंजला, सैल झाला किंवा वादळात तार तुटली, की वेगवेगळ्या फेजांवरची घरे नकळत एकमेकांशी जोडली जातात आणि ते ४१५ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान होत नाही. ज्या बाजूला पंखे, हीटर, मोटर असा जास्त भार चालू आहे तिथे दाब उतरतो. जिथे एखादा दिवा आणि टीव्ही एवढेच चालू आहे तिथे तो साडेतीनशेच्याही वर जातो. एका आळीत दिवे मिणमिणतात आणि दुसऱ्या आळीत बल्ब लखलखून फुटतात, तेव्हा तो न्यूट्रलचा खेळ असतो. या सगळ्या वेळेत लाईट ‘गेलेली’ नसतेच.

वस्तूच्या आत काय घडते ते पाहिले तर ४१५ चा आकडा किती वाईट आहे हे कळते. टीव्ही, राउटरचा अडॅप्टर, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्याचे सर्किट हे सगळे आलेल्या एसी विजेचे आधी डीसी करून ती एका कपॅसिटरमध्ये साठवतात. २३० व्होल्ट हा एसीचा परिणामी (आरएमएस) आकडा. तिचे शिखर त्याच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. म्हणून आतला कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा बसवलेला असतो. न्यूट्रल पूर्ण घसरून ४१५ व्होल्ट आले तर शिखर ५८७ व्होल्टचे. कपॅसिटर फुगतो, फुटतो, आणि जाताना शेजारचे सुटे भाग घेऊन जातो. नव्या टीव्हीला स्टॅबिलायझरची गरज नाही, तो ९० व्होल्टपासून २९० पर्यंत चालतो, असे विक्रेता सांगतो. पुष्कळ मॉडेलांबाबत त्यात काही खोटे नाही. कमी दाबाला ही नवी सर्किटे खरोखरच सोशिक असतात, आणि निव्वळ ‘डिम लाईट’साठी टीव्हीला स्टॅबिलायझर लावणे बहुतेक ठिकाणी पैसे वाया घालवणे आहे. मात्र ते आश्वासन २९० ला संपते. हिंगोलीतली वीज तिथे थांबेलच असे नाही.

आता इन्व्हर्टरकडे येऊ. इन्व्हर्टर लावला की घर सुरक्षित झाले, हा समज सर्वात पसरलेला आणि सर्वात महागात पडणारा आहे. घरगुती इन्व्हर्टर लाईट असताना बॅटरी चार्ज करतो आणि बाहेरून आलेली वीज जशीच्या तशी आत सोडतो. तो मध्ये पडतो ते पुरवठा बंद झाल्यावर, किंवा दाब त्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर. ही मर्यादा बदलण्यासाठी बहुतेक इन्व्हर्टरांच्या मागे किंवा बाजूला एक छोटे बटण असते. एका बाजूला नॉर्मल, वाइड किंवा इको असे काही लिहिलेले असते. त्यात साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतचे सगळे घरात येऊ दिले जाते. दुसऱ्या बाजूला यूपीएस. त्यात १८० ते २६० च्या आसपासची अरुंद खिडकी असते, आणि बदलही लवकर, १०-२० मिलिसेकंदांत होतो. वाइडमध्ये बॅटरी कमी वापरली जाते म्हणून बसवणारा मेकॅनिक बटण तिथेच ठेवून जातो, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. यूपीएसवर बटण टाकले की दाब २६० च्या वर जाताच इन्व्हर्टर बाहेरच्या तारेशी नाते तोडून घर बॅटरीवर घेतो. बॅटरी वस्तूंचे रक्षण करते ती अशी: वाईट क्षणी घराला तारेपासून अलग ठेवून. या बदलाला खर्च शून्य आहे, आणि जिल्ह्यात आधीच बसलेल्या इन्व्हर्टरांचा निम्मा उपयोग या एका बटणाअभावी होत नसावा असा माझा कयास आहे. एक पथ्य मात्र आहे. चारशे व्होल्ट आले तर इन्व्हर्टर स्वतःच बळी पडू शकतो. म्हणून त्याच्याही आधी, मीटरनंतरच्या बोर्डात, जास्त-कमी दाबाला पुरवठा तोडणारा आणि लाईट स्थिर झाल्यावर थोडे थांबून जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर हवा. एमसीबीच्या शेजारी बसणारी ही लहानशी वस्तू इन्व्हर्टरच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

बाहेरची वीज वस्तूपर्यंत कधीच थेट पोहोचू नये अशी व्यवस्थाही असते. तिला ऑनलाइन यूपीएस म्हणतात: आलेली सगळी वीज आधी डीसी होते, मग तिच्यापासून नवी एसी बनते, आणि बॅटरी कायम मधोमध बसलेली असते. बँका, रुग्णालये, प्रयोगशाळा तीच वापरतात. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या आकाराहून कितीतरी लहान फरक मोजायचा तर विजेची शिस्त किती लागेल याची कल्पना करावी, आणि मग त्याच तालुक्यातल्या डीपीवर फ्यूजच्या जागी वळलेली तार आठवावी. घरासाठी मात्र ऑनलाइन यूपीएस महाग, आवाज करणारा आणि सतत वीज खाणारा. त्याची शिफारस करण्यात अर्थ नाही.

घराला शहाणपणाचे ते वस्तूगणिक विचार करणे, कारण प्रत्येक वस्तूची भीती वेगळी आहे. फ्रिजला बॅटरी नकोच. दार न उघडता ठेवला तर चार तास आतला थंडावा टिकतो. त्याला मारतो तो लाईटचा लपंडाव: कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतल्या गॅसचा दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात, त्याआधी वीज आली तर मोटर अडकते आणि तापते. त्याला हवा तीन मिनिटे थांबवून चालू करणारा टाइम-डिलेचा स्टॅबिलायझर. संगणकाला उलट तास नकोत, मिनिटे हवीत. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. ती दहा-पंधरा मिनिटे देते आणि काम साठवून मशीन नीट बंद करायला तेवढी पुरतात. महा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की लेझर प्रिंटर या यूपीएसला जोडायचा नाही. कागद तापवताना तो एकदम इतका प्रवाह ओढतो की यूपीएस भार सोडून देतो आणि त्याच्यासोबत संगणकही जातो. आणि या छोट्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत संपतात, तरी डबा टेबलाखाली दिवा लावून बसलेला असतो. महिन्यातून एकदा पिन काढून तो किती वेळ टिकतो हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

राउटरची गोष्ट सर्वात गमतीची आहे. त्याला लागते १२ व्होल्ट डीसी, आणि वीज खातो जेमतेम दहा वॉट. तो चालावा म्हणून आपण १२ व्होल्टच्या मोठ्या बॅटरीतून वीज काढतो, इन्व्हर्टर तिचे २३० व्होल्ट एसी करतो, आणि राउटरचा अडॅप्टर तिला परत १२ व्होल्ट डीसीवर आणतो. या येण्याजाण्यात इन्व्हर्टर स्वतःच्या चालण्यासाठी राउटरइतकी किंवा त्याहून जास्त वीज खातो. त्याऐवजी हाताच्या पंजाएवढा डीसी मिनी यूपीएस अडॅप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसवला, की तीस वॉट-तासांच्या लिथियम सेलवर तो तीनेक तास चालतो आणि पुरवठा बदलताना बंदही पडत नाही. ज्या घरात मुलांचा अभ्यास आणि मोठ्यांचे व्यवहार इंटरनेटवर आहेत, पण मोठ्या इन्व्हर्टरची ऐपत नाही, तिथे बॅटरीवरचा पहिला खर्च हाच असावा असे मी म्हणेन.

मोठ्या बॅटरीचा हिशेब विक्रेता सांगतो त्याहून कमी निघतो. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-अॅसिड बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, म्हणून साठ टक्के धरा: १०८०. इन्व्हर्टरमधली गळती वजा केली की हातात साडेआठशे उरतात. ७५ वॉटचे दोन जुने पंखे, चार एलईडी दिवे, टीव्ही आणि राउटर मिळून अडीचशे वॉट. म्हणजे साडेतीन तासांहून थोडे कमी. पंखे बीएलडीसी घेतले तर तोच भार पावणेदोनशेच्या खाली येतो आणि पाच तास मिळतात. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलणे स्वस्त पडते, हे इन्व्हर्टरचा दुकानदार सांगणार नाही. दुसरा शत्रू ऊन. बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमानावर मोजलेले असते, आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या जिल्ह्यात पत्र्याच्या खोलीत किंवा जिन्याखालच्या बंद खणात ठेवलेली बॅटरी कंपनीने सांगितलेली वर्षे भरणार नाही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, त्यासाठीही जागा हवेशीर लागते. तिला पाणी घालायचे ते डिस्टिल्ड. बोअरचे पाणी घातले तर क्षार थेट प्लेटांवर बसतात.

बॅटरी ज्याच्यापुढे हात टेकते ती गोष्ट म्हणजे आभाळातली वीज. मृगाच्या आधीचे वादळ आणि परतीचा पाऊस या दोन मोसमांत मराठवाड्यात विजा पडतात. जवळच्या खांबावर ती पडली तर हजारो व्होल्टचा लोंढा इन्व्हर्टरचा रिले हलायच्या आत घरात शिरतो. त्यावर उपाय सर्ज अरेस्टर, जो हा लोंढा जमिनीत वळवतो. पण जमिनीकडे वाटच नसेल तर तो काय वळवणार? अर्थिंग इथे कळीचे आहे आणि काळ्या मातीत ते फसवे आहे. पावसाळ्यात ओली काळी माती वीज उत्तम वाहून नेते. उन्हाळ्यात तीच भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, आणि ज्या जूनच्या वादळात तिची गरज असते त्याच्या तोंडावर अर्थिंग नावापुरते उरते. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला चार बादल्या पाणी ओतणे हे संरक्षणाचे काम आहे. आणि गडगडाट सुरू झाला की टीव्हीची पिन आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवावीत. लोंढा छत्रीच्या तारेतूनही येतो, हे पिन काढणारेही विसरतात. फायबरच्या काचेच्या तंतूतून मात्र तो येत नाही, तिथे फक्त अडॅप्टर सांभाळायचा.

एक आक्षेप गंभीर आहे: हे सगळे ग्राहकाने का करावे? चांगला पुरवठा देणे ही वितरण कंपनीची जबाबदारी आहे. आहेच. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत चोवीस तास पुरवठ्याचे तत्त्व लिहिलेले आहे, आणि ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलायला राज्य वीज नियामक आयोगाच्या मानकांत ४८ तासांची मुदत घातलेली आहे. न्यूट्रलचा जोड सैल असेल, खांबावर ठिणग्या पडत असतील, तर लेखी तक्रार करणे आणि तिचा क्रमांक जपून ठेवणे हे प्रोटेक्टर बसवण्याइतकेच आवश्यक आहे, कारण मुळावर घाव तिथेच बसतो. पण त्याच मानकातले ४८ तास पाहा. नियम पूर्ण पाळला गेला तरी गाव दोन दिवस अंधारात राहू शकते, आणि दीडशे अँपिअर-तासांची कोणतीही बॅटरी त्याला पुरत नाही. म्हणजे तासांच्या शर्यतीत बॅटरी मोठ्या बिघाडापुढे हरणारच असते. ती जिंकते ती रोजच्या दोन-चार मिनिटांच्या लुकलुकीत, आणि वस्तू बहुतांशी जळतात त्या तिथेच. डीपीवरचा दोष आज कळवला तरी तो निघेपर्यंतच्या काळात टीव्ही भिंतीवरच टांगलेला असतो.

मग सौर ऊर्जा? २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि पॅनेल बसले की लाईट जाण्याची चिंता मिटली असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. या योजनेत बहुतेक घरांवर बसतो तो ऑन-ग्रिड संच, आणि बाहेरचा पुरवठा बंद होताच तो भर दुपारच्या उन्हातही स्वतःला बंद करून घेतो. हा दोष म्हणता येत नाही. छतावरची वीज उलटी तारेत शिरली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल, म्हणून ती अट आहे. लाईट गेल्यावरही पॅनेल उपयोगी पडायचे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते; त्यांचा खर्च वेगळा, आणि अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर मोजले जाते, बॅटरीवर नाही. तेव्हा कोटेशन घेताना संच ऑन-ग्रिड की हायब्रिड हे कागदावर लिहून घ्यावे, सोबत अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर धरले आहेत का तेही, कारण भाव पाडण्यासाठी पहिली कात्री लागते ती याच दोन गोष्टींना.